अ गटातली माणसं

उप्साला, ६ सप्टेंबर

सिक्स्टेन,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग वाटलं, तेवढंच वाचून तू पत्र शेगडीत टाकशील, म्हणून कागद बदलला. नऊ वर्षं आपण बोललेलो नाही. ही दोन पानं वाच आणि मग काय जाळायचं ते जाळ.

गुनवोरचा फोन आला होता. तिच्यावर ओरडू नकोस. नवऱ्याच्या बहिणीला फोन करायला बायकोला नवऱ्याची परवानगी लागत नाही, आणि तिने केला तो घाबरून केला. तुझं हृदय नीट काम करत नाही, पाय सुजतात, धक्क्यावरून घरी येताना त्या चढावर तू दोनदा थांबतोस, हे सगळं मला तिच्याकडून कळावं? यंदा एल्क हरणांच्या शिकारीलाही जाणार नाहीस म्हणे. हे ऐकलं तेव्हा मात्र मी खाली बसले. तू तापाने फणफणतानाही बंदूक घेऊन रानात जाणारा माणूस.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. बोलता बोलता गुनवोर म्हणाली, "अगं, डॉक्टरांनी त्याला एका चाचणीत घेतलंय. नवीन गोळी आहे. अर्ध्या लोकांना खरी, अर्ध्यांना नुसता खडू, आणि कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. ऑगस्टपासून सुरू केलीय. आणि गंमत म्हणजे हा स्वतःहून तयार झाला! म्हणाला, हेडविग सारखी पुरावा पुरावा करते ना, होतो मीच पुरावा."

माझा विश्वासच बसेना. आईच्या आजारपणात त्या झाडपाल्यावाल्या बाईकडून काटेरी बोरांचा काढा आणणारा तू. आईला पुरून आल्यावर सगळे कॉफीला बसले होते तेव्हा मी म्हटलं की त्या काढ्याने कणभर फरक पडला नाही, आणि तू कप खाली ठेवून निघून गेलास. मी बोलले ते खरं होतं आणि आजही तेच म्हणेन. वेळ चुकली असेल, एवढं मान्य.

तर मला इतकंच कळव. गोळी कुठल्या रंगाची आहे? डबीवर नाव आहे की नुसता आकडा? दिवसातून एकदा घेतोस की दोनदा? नुसती चौकशी आहे. मी अशाच एका चाचणीच्या देखरेख समितीवर आहे, म्हणून विचारते. कुठली चाचणी, ते सांगायची मला मुभा नाही.

हेडविग


उप्साला, २९ सप्टेंबर

सिक्स्टेन,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी चार ओळी, त्यातही एक शिवी. "गोळी फिकट निळी. सकाळी एक, संध्याकाळी एक. डबीवर नुसता आकडा. आता तुझे आकडे माझ्याबद्दल काय बोलतात ते सांग, अतिशहाणे." शिवीसुद्धा गोड लागली, हे कबूल करते. कार्डावरची पिवळी फेरीबोट तीच ना, जी तू निवृत्त होईपर्यंत या काठावरून त्या काठावर नेत होतास? मी ते टेबलावर उभं करून ठेवलंय.

निळा रंग छान आहे. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

तू चिडवायला विचारलंस, पण मी खरंच उत्तर देणार आहे. नवीन औषध आलं की आम्ही आधी धरूनच चालतो की त्यात काही दम नाही. डॉक्टर कितीही नाचू देत. मग चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट करायचे, एकाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी खडूची गोळी, आणि वाट बघायची. शेवटी प्रश्न एकच. औषधात खरंच दम नसेल, तर निव्वळ योगायोगाने दोन गटांत एवढा फरक पडायची शक्यता किती? धक्क्यावरचा तो म्हातारा आठवतो, हवेचा वास घेऊन उद्याचं वारं सांगायचा? दोनदा बरोबर आलं तर नशीब म्हणायचं. वीसदा लागोपाठ बरोबर आलं, तर मात्र नशीब म्हणणाराच मूर्ख. एवढंच आहे ते सगळं. काढ्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा होता, पण तो विषय राहू दे.

आता समजा, एक चाचणी आहे. समजा म्हटलंय मी. समितीपुढे मधूनमधून तक्ते येतात. त्यात गटांना नावं नसतात, नुसती अक्षरं, अ आणि ब, म्हणजे आमचीही मनं कुठे झुकू नयेत. अर्थात कुठलं अक्षर कशाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथल्या केंद्रात औषधाला अ म्हणायची जुनी सवय आहे.

आणि समजा, वसंतातल्या बैठकीत अ गटात माणसं जरा जास्त मेलेली दिसली. फार नाही. योगायोग म्हणून सोडून देता येईल इतकीच. पण चाचणीचा आराखडा करणाऱ्यांनी प्रश्न एकाच बाजूने विचारायचा ठरवलाय: अ गटाचं बरं चाललंय का? वाईट चाललंय का, हे विचारायचंच नाही. वाईट औषध कुणाला विकायचंय, असं त्यांचं म्हणणं, आणि एकाच बाजूने विचारलं की कमी माणसांत काम भागतं. त्यामुळे तक्त्याखाली छापून आलं, 'फायद्याचा पुरावा अद्याप नाही, चाचणी चालू ठेवावी.' सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलावली गेली.

आमच्यात एक नियम आहे. घरचं माणूस चाचणीत आहे असं कळलं, की त्याच दिवशी समिती सोडायची. तुझं कार्ड येऊन आठवडा होत आला. माझं आडनाव लग्नानंतरचं, तुझं बाबांचं, त्यामुळे कुणाला कळायचं कारण नाही. मी सोडली तर माझ्या जागी येणाराही मानच डोलावेल. ऑक्टोबरच्या शेवटी पुढची बैठक आहे. तेवढी होऊ दे.

पायांच्या सुजेबद्दल खरं काय ते लिही. मर्दपणा दाखवू नकोस.

हेडविग


उप्साला, २ नोव्हेंबर

सिक्स्टेन,

तुझं पत्र वाचलं. दोन महिन्यांत सूज उतरली, चढ न थांबता चढतोस, आणि मागच्या आठवड्यात आईच्या कबरीवरची मेणबत्ती तू स्वतः टेकडी चढून लावलीस. गुनवोर मागे पडली म्हणून तिला हसलासही. "ही निळी गोळी म्हणजे जादू आहे, हेडविग, लिहून ठेव तुझ्या तक्त्यात."

नाही लिहून ठेवणार. एका माणसाला बरं वाटणं हा पुरावा नव्हे. हे मी आयुष्यभर विद्यापीठात संख्याशास्त्राच्या मुलांना शिकवत आले. गोळी मिळाली की माणसाला बरं वाटतंच, खडूची असली तरी. आणि आजार अगदी तळाला गेलेला असताना माणूस डॉक्टरकडे जातो, तिथून थोडा वर येणारच असतो. तू खूश आहेस याचा मला आनंद आहे. पण मी तुझ्या आनंदावर भरवसा ठेवू शकत नाही.

परवा बैठक झाली. अध्यक्ष होल्गर, लुंदचा हृदयाचा डॉक्टर, पांढऱ्या दाढीचा, मऊ बोलणारा. दुसरी एब्बा, ती रुग्णांच्या बाजूने बसते. तिसरी मी. कॉफी आणि वेलदोड्याचे बन आल्याशिवाय इथे कुणी मेलेल्यांबद्दल बोलत नाही. तक्ते वाटले ते टूवाने. ती केंद्राची नवी फार्मासिस्ट, म्हातारा इंगेमार निवृत्त झाल्यावर आलेली, तिशीतली, कमी बोलते. कुठलं अक्षर कशाचं हे फक्त तिच्या कुलपात असतं. दारात उभी राहून तिने विचारलं, "कुणाला माझ्याकडून काही हवंय का?" सगळे बशीकडे बघत राहिले. तिला विचारणं म्हणजे चाचणीचं झाकण उघडणं, आणि ते वाईट दिसतं. शिवाय विचारायचं काय? इंगेमारने वीस वर्षं औषधाला अ म्हटलं. इथल्या मांजरालाही ठाऊक आहे. टूवा गेली.

तक्त्यात अ गटातली माणसं आणखी मेली होती.

मी म्हटलं, "होल्गर, दुसऱ्या बाजूने हिशेब केलास?"

"आराखड्यात नाहीये ना तो."

"आराखडा माणसांनी लिहिलाय, देवाने नाही. मी केलाय. दोन्ही गट सारखेच असते, तर निव्वळ योगायोगाने अ गटात एवढी माणसं मरायची शक्यता शंभरात दोन."

"शंभरात दोन म्हणजे होऊ शकतं की."

"लॉटरीही लागू शकते. घर विकून तिकिटं काढशील?"

एब्बाला हसू आलं, तिने ते कपात लपवलं. होल्गर मात्र चिडला नाही. तो कधीच चिडत नाही, तेच तर दुखणं आहे. "हेडविग, दर वेळी मनाला येईल त्या बाजूने डोकावत बसलो, तर काही ना काही सापडणारच. तूच सांगतेस ना हे पोरांना?"

मीच सांगते. खोटं कसं म्हणू?

"मग अक्षरं उघडू या," मी म्हटलं. "आत्ता. टूवाला बोलवा."

"एकदा उघडलं की पुन्हा झाकता येत नाही. जानेवारीत बघू. बन घे ना अजून एक."

एब्बाने बशी माझ्याकडे सरकवली. इथे मतभेद असा असतो, सिक्स्टेन, कुणी आवाज चढवत नाही आणि सगळं जानेवारीवर जातं. जानेवारीपर्यंत आणखी किती, हे कुणी विचारलं नाही. मी बन घेतला. खाल्लाही.

आता हे नीट वाच आणि वाचून झाल्यावर पत्र शेगडीत टाक, या वेळी मी स्वतःच सांगते आहे. ती समजा म्हटलेली चाचणी तुझीच आहे. निळी गोळी बंद कर.

तू कुठल्या गटात आहेस ते मला दिसत नाही, आमच्याकडे नुसत्या बेरजा येतात. पण ते कळायची गरजही नाही. तुला खडू मिळत असेल, तर खडू सोडून काय बिघडणार? आणि खरी गोळी मिळत असेल, तर जीव वाचेल. दोन्हीकडून तपासून बघितलं, कुठेच तुझं नुकसान नाही. जुन्या पांढऱ्या गोळ्या मात्र चालू ठेव. तपासणीला गेलास की नर्स उरलेल्या निळ्या गोळ्या मोजते, म्हणून रोज दोन काढून जाळत जा. डॉक्टरांना सांगू नकोस. माझं नाव तर कुठेच घेऊ नकोस.

तीस वर्षांत मी असं काही केलेलं नाही. हे बाहेर पडलं तर मला कुणी दारात उभं करणार नाही, आणि उभं करूही नये. पण मला एकच भाऊ आहे आणि तो माझ्यावर रुसलेला का असेना, जिवंत हवा आहे.

हेडविग


उप्साला, १६ डिसेंबर

सिक्स्टेन,

काल तू फोन केलास. तू स्वतः. नंबर बघून मला वाटलं गुनवोरच असणार, आणि वाईट बातमी असणार. मग तुझा आवाज आला, "काय गं, अतिशहाणे, अजून लोकांची मढी मोजतेस का?" मी हसले की रडले ते मलाच कळलं नाही. त्यानंतर मला दुपारभर काही काम सुचलं नाही.

तू म्हणालास, "तुझं पत्र आलं त्याच दिवसापासून शेगडीत. सकाळी एक, संध्याकाळी एक. गुनवोरलाही सांगितलं नाही."

मी विचारलं, "मनात शंका नाही आली? जादूची गोळी म्हणत होतास."

"आली की. पण म्हटलं, हेडविग एवढं नाव पणाला लावून सांगते तर काहीतरी असणार. तू काय उगाच बोलणारी नाहीस."

आयुष्यात पहिल्यांदा तू माझं ऐकलंस. लहानपणी मी पाण्यात उतरू नको म्हटलं की तू उडी मारायचास. आणि या वेळी एका पत्रावर ऐकलंस.

पण मला एक गोष्ट खटकली आहे. आपल्याकडे उत्तरेत 'होय' म्हणायचं झालं की तोंडाने हवा आत ओढतात, दक्षिणेची माणसं हसतात त्याला. काल मी विचारत होते, जेवतोस ना, पांढऱ्या गोळ्या घेतोस ना, आणि तू दर वेळी हवा आत ओढत होतास. मधूनच मी काही विचारलेलं नसतानाही ओढत होतास. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करत होते की त्यातले होय किती आणि धाप किती.

मागून गुनवोर ओरडली, "तिला सांग बुटांचं! आणि उशांचं सांग!" तू म्हणालास, बुटात पाय जात नाहीत, त्यात काय, नाताळाआधीचं मांस आणि खारवलेले हेरिंग मासे. आणि चार उशा रचून बसूनच झोपतो, आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, म्हाताऱ्यांचं असंच असतं.

मीही म्हटलं, खारट कमी खा. म्हटलं, चांगले दिवस आले की माणूस नंतर परत आपल्या नेहमीच्या जागी येतोच, आमच्यात त्याला शास्त्रीय नावही आहे. तू म्हणालास, "नाव आहे ना, मग झालं."

मग मी म्हटलं डॉक्टरकडे जा, तर तू हसलास. "आणि त्याने विचारलं, निळी गोळी घेतोस का, तर काय सांगू? मला खोटं बोलता येत नाही. पकडला गेलो की तुझंच नाव तोंडातून जाईल. त्यापेक्षा जातच नाही."

यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. नाव घे माझं, पण आत्ताच्या आत्ता जा. मी म्हटलं, "बरं, नाताळ होऊ दे, मग बघू." हुबेहूब होल्गरसारखं.

नाताळला बोलावलंस, पण येत नाही. रागावू नकोस. जानेवारीची बैठक अलीकडे ओढून घेतली आहे, सगळे नवे आकडे मागवलेत, एब्बाला एकटीला गाठून समजावलंय आणि ती आता माझ्या बाजूने बोलणार आहे. अक्षरं उघडली की चाचणी बंद होईल, अ गटातली उरलेली माणसं वाचतील, आणि तूही डॉक्टरकडे ताठ मानेने जाशील. मग येते. तोवर गुनवोरसाठी लोकरीची शाल पाठवते आहे, तुझ्यासाठी मोठ्या मापाचे बूट.

मला भीती वाटते. कशाची ते नीट सांगता येत नाही. आकडे माझ्या बाजूने आहेत.

हेडविग


इस्पितळाचं उपाहारगृह, २२ जानेवारी, दुपार

सिक्स्टेन,

तू वर चौथ्या मजल्यावर आहेस आणि मी खाली कॉफी घेऊन बसले आहे. सकाळपासून तीनदा तुझ्या खोलीत आले. दर वेळी बोलायला तोंड उघडलं आणि तू त्या नळीतून हवा घेत माझ्याकडे बघून हसलास. तोंडाने होत नाही, म्हणून लिहिते.

बैठक परवा झाली. नवे तक्ते माझ्यासमोर होते. योगायोगाची शक्यता आता हजारात एकही उरली नव्हती. मी ते वाचून दाखवलं, एब्बा म्हणाली की आता उघडलं नाही तर मी राजीनामा देते, आणि होल्गरने दाढीवरून हात फिरवत टूवाला बोलावलं. मी म्हटलं, "टूवा, सगळ्यांना ठाऊक आहेच, पण नोंदीसाठी सांग. अ म्हणजे औषध."

ती म्हणाली, "नाही. अ म्हणजे खडू."

मग होल्गर म्हणाला, "इथे अ म्हणजे कायम औषध असतं."

"इंगेमार तसं करायचा. नियमात लिहिलंय की अक्षरंही चिठ्ठी टाकून ठरवायची. मी चिठ्ठी टाकली. तुम्ही कुणी विचारलंच नाही."

समजलं का तुला? मरत होती ती खडू खाणारी माणसं. ब गटातली, औषधवाली, जगत होती. आम्ही तक्ता उलटा वाचत होतो, मी सगळ्यांत मोठ्याने. औषध इतकं चांगलं आहे की होल्गर रडला. त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "हेडविग, तू मागे लागली नसतीस तर आम्ही अजून वर्षभर खडू वाटत बसलो असतो. शेकडो माणसं वाचवलीस तू आज." एब्बाने केक मागवला. मी म्हटलं मला जरा बाहेर जायचंय.

जिन्यात तुझा नंबर लावला. गुनवोरने उचलला. तिने सांगितलं की सकाळी तू लाकडं आणायला गेलास आणि शेडपाशीच पडलास, ओठ निळे पडले होते, आत्ताच इस्पितळात आणलंय. मी कोट न घेता स्टेशनवर गेले.

काल तुझ्या डॉक्टरणीने मला बाहेर बोलावलं. भली बाई आहे. म्हणाली, चाचणी थांबली, त्यातल्या सगळ्यांची नावं उघडली, तुमचा भाऊ ब गटात होता, म्हणजे खरी गोळी चालू होती, तरी असं कसं झालं कळत नाही. ऑक्टोबरपर्यंत तर किती छान सुधारत होता. मी भिंतीकडे बघत होते. मग ती म्हणाली, "आता तीच गोळी पुन्हा नीट सुरू करायची आहे, त्याच्यापुढे दुसरा चांगला इलाज नाही. पण ते घेतच नाहीत. तोंड मिटून घेतात."

आणि आज सकाळी मी दारात असताना नर्सने बशीत ती निळी गोळी आणली. तू बशी ढकललीस. थांबत थांबत तिला म्हणालास, "ही घातक आहे, पोरी. माझ्या बहिणीने शोधून काढलंय. ती मोठी हुशार आहे. तिने वेळेवर सांगितलं म्हणून मी अजून आहे, नाहीतर नोव्हेंबरातच गेलो असतो." मग मला बघून म्हणालास, "ही बघ, हीच ती." नर्सने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी तिथेही काही बोलले नाही, सिक्स्टेन. मी तुझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

बाहेर गुनवोर माझा हात धरून म्हणाली, "तूच समजव गं त्याला. तुझ्याशिवाय तो कुणाचंही ऐकत नाही."

म्हणून आता सरळ लिहिते. गोळी घातक नव्हती. तुझी सूज तिनेच उतरवली होती, टेकडीवर तुला तिनेच चढवलं होतं, आणि तू मला तसं लिहिलंही होतंस. एका माणसाला बरं वाटणं हा पुरावा नव्हे म्हणून मी ते बाजूला सारलं. कुठेच नुकसान नाही, असं मी म्हटलं तेव्हा तिसरी शक्यता मी धरलीच नव्हती, की औषध चांगलं असेल आणि ते तुलाच मिळत असेल. धाप लागली तेव्हाही मी तुला हेरिंगचं कारण सांगितलं. तू माझं नाव वाचवायला डॉक्टरकडे गेला नाहीस, आणि मी ते वाचवू दिलं. हृदयाचा जो भाग गेला तो परत येणार नाही असं डॉक्टरीण म्हणते. उरलेला या गोळीवर टिकेल.

तिला मी हे सगळं आत्ता, इथे बसण्याआधी सांगून आले. होल्गरलाही कळवलंय. ते माझं काय करायचं ते करतील, त्याची तू काळजी करू नकोस. तू आता गप्प राहून कुणालाच वाचवत नाहीयेस.

हे घेऊन वर येते. पत्र तुझ्या हातात देईन आणि दारापाशी उभी राहीन. वाचून झालं की मला हाकलून दे. गुनवोरला सांग, पुन्हा हिचं तोंड दाखवू नकोस. मी एका शब्दाने भांडणार नाही. पण आधी ती बशी जवळ ओढ. एकदा माझं ऐकलंस म्हणून तू इथे आहेस, हे मला कळतंय, तरी आणखी एकदाच ऐक. गोळी घे.

हेडविग